मुल्की आणि गैरमुल्की

"अर्जदार हा या गावचा कायमचा रहिवासी असून त्यास मी समक्ष ओळखतो," हे वाक्य मी तहसील कचेरीत तेहतीस वर्षं लिहिलं. खाली सही साहेबांची. अर्जदाराला साहेबही ओळखत नसत आणि मीही ओळखत नसे. पुष्कळदा समोर उभा असे तो अर्जदाराचा मेहुणा. पण कागद चोख असे. आणि कचेरीच्या दृष्टीनं माणूस म्हणजे कागदाला जोडलेला एक पुरावा, त्यापलीकडं त्याला फारसं महत्त्व नाही.

२०१२ साली मी निवृत्त झालो आणि वडिलोपार्जित दोन एकर दहा गुंठ्यांकडं वळलो. निघताना आमची सौ. म्हणाली, "शेतात जा, उन्हात बसा, काय वाटेल ते करा. पण तिथं कुणाकडं दाखला मागू नका." तिनं माझ्याबरोबर संसार केलेला असल्यामुळं तिचे अंदाज सहसा चुकत नाहीत.

जमीन कुठं आहे ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. नांदेडहून लातूरकडं निघालात की लोहा लागतं, मग माळाकोळी, आणि अहमदपूर यायच्या आत कुठंतरी जिल्हा बदलतो. तो जिथं बदलतो तिथंच आमचं गाव. माझ्या शेताचा दक्षिणेचा धुरा ही दोन जिल्ह्यांची हद्द. धुऱ्याच्या अलीकडं चरते ती लाल कंधारी गाय, पलीकडं चरते ती ठिपक्यांची देवणी. एरवी माती तीच, ढेकळं तीच, आणि पाऊस न येण्याची पद्धतही तीच. पलीकडचे शेजारी मला 'भाऊसाहेब' म्हणतात. कचेरीत हा शब्द मानाचा होता. शेजाऱ्यांच्या तोंडून तो ऐकताना मात्र मला उगाच सदऱ्याची गुंडी चाचपावीशी वाटे. का, ते पुढं येईल.

२०१४ च्या उन्हाळ्यात कुठल्याशा पुरवणीत मी वाचलं की शेतकऱ्यानं आपल्या धुऱ्यावर देशी झाडं लावावीत. देशी झाड दुष्काळात तगतं, पाखरांना पोसतं, त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही. असं हे वर्णन आपल्याकडं पूर्वी फक्त सुनेच्या बाबतीत होत असे. मी तिथल्या तिथं ठरवलं, माझ्या शेतात यापुढं मुल्की तेवढं राहील, गैरमुल्की एकजात बाहेर.

हा शब्द आता आमच्याकडं म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला आहे. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर माणूस 'मुल्की' असावा लागे. १९१९ च्या फर्मानाप्रमाणं, ढोबळमानानं, संस्थानात पंधरा वर्षं राहिलेला तो मुल्की, बाकीचे गैरमुल्की. पिढ्यान् पिढ्या इथल्या काळ्या मातीत लोळलेल्या आमच्या वडिलांनाही मास्तरकीसाठी हा दाखला काढावा लागला होता. त्यांच्या ट्रंकेत तो उर्दू कागद अजून आहे. घरात कुणालाच तो वाचता येत नाही, म्हणून सगळ्यांना त्याच्याबद्दल फार आदर आहे.

तर मी तालुक्याच्या एका रोपवाटिकेत गेलो आणि तिथल्या माणसाला म्हटलं, "देशी पाहिजे."

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ती स्टँडच्या मागं मिळती. हितं झाडं हायती."

गैरसमज दूर झाल्यावर त्यानं मोठ्या आपुलकीनं चाळीस रोपं काढून दिली. सगळी देशीच आहेत, इथंच, याच मातीत, पिशवीत वाढलेली आहेत, असा त्याचा युक्तिवाद होता. जून संपता संपता मी ती लावली आणि नांदेडला वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या एका मित्राला पाहायला बोलावलं. हा मनुष्य हातात भिंग घेऊन रोपामागून रोप तपासत निघाला. पासपोर्ट तपासणाऱ्या अंमलदाराचा चेहरा असाच असतो.

"गुलमोहर. मादागास्कर. निलगिरी, ऑस्ट्रेलिया. सुबाभूळ, मेक्सिकोकडची. ग्लिरिसिडिया, तीही तिकडचीच. हा रेन ट्री, दक्षिण अमेरिका."

"इथला कोणी?"

"तुम्ही," तो म्हणाला आणि चहा मागितला.

जाताना त्यानं व्ही. एन. नाईक यांच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'चे दोन खंड माझ्या हवाली केले. १९९८ साली निघालेला हा ग्रंथ म्हणजे आमच्या भागातल्या वनस्पतींचा सात-बारा आहे. आखाड्यावर चिंचेखाली बाज टाकून मी तो वाचू लागलो. दोन्ही खंड इंग्रजी आणि लॅटिन असल्यामुळं वाचताना माझा चेहरा गंभीर होई, आणि जाणारे-येणारे गावकरी ग्रंथाला लांबूनच हात जोडून जात.

पहिला धक्का चिंचेनंच दिला. ही चिंच माझ्या आजोबांनी लावलेली. तिच्या सावलीत आमच्या तीन पिढ्यांनी भाकरी खाल्ली आणि भाऊबंदकीही तिथंच केली. तिचं शास्त्रीय नाव टॅमॅरिंडस इंडिका. 'इंडिका' म्हटल्यावर मी निश्चिंत झालो होतो. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "छे! मूळची आफ्रिकेची." भानगड अशी की अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं, आणि १७५३ साली स्वीडनच्या लिनिअसनं तेच धरून तिच्या नावापुढं 'इंडिका' लावून टाकलं. कचेरीतला माणूस म्हणून मला हे ताबडतोब समजलं. स्थळपाहणी नाही, पंचनामा नाही, अर्जदाराच्या मेहुण्याच्या सांगण्यावरून दाखला दिला. मीही हेच केलं असतं.

पुढं प्रकरण वाढतच गेलं. सीताफळ घ्या. प्रत्यक्ष सीतामाईचं नाव, बालाघाटाच्या डोंगरात रानोमाळ पसरलेलं, तेही अमेरिकेचं. रामफळही तिकडचंच. म्हणजे वनवासात रामानं आणि सीतेनं काय खाल्लं असेल ते असो, ही दोन फळं खाल्ली नाहीत. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. तोरणात मुल्की म्हणायचे ते आंब्याचे डहाळे. पंधरा वर्षांचा निजामी नियम लावून पाहावा म्हटलं, तर त्यात गाजरगवत बसू लागलं. आमच्याकडं हे गवत १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या लाल ज्वारीतून आलं असं सगळे शपथेवर सांगतात, पण पुण्यात ते १९५५ सालीच लक्षात आलेलं होतं. म्हणजे १९७० साली ते रीतसर मुल्की झालं. सगळ्या अंगाला खाज आणणाऱ्या या नागरिकाला दाखला द्यायचा आणि आजोबांच्या चिंचेला नाही, हे माझ्याच्यानं होईना.

त्या डिसेंबरात पलीकडच्या शेजाऱ्यांनी मला येळवसेला बोलावलं. लातूरकडं ही मार्गशीर्षातली अमावस्या दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. कडब्याची खोप, तिच्यात पांडव मांडलेले, आणि समोर भज्जी, भाकरी, आंबील. माझ्या डोक्यात फ्लोरा होता. पहिला घास घेतला आणि मी सुरू झालो. ज्वारी मूळची आफ्रिकेची, मग भाकरी आणि आंबील दोन्ही गेली. मिरची अमेरिकेची, शेंगदाणाही तिकडचाच, म्हणजे ठेचा गेला. भज्जीतला चिंचेचा कोळ गेला. अंबाडीची भाजीसुद्धा आफ्रिकेची. आपली म्हणावी तर तूर, वांगं आणि तीळ.

शेजारी शांतपणे ऐकत होते. आंबिलीचं भांडं माझ्याकडं सरकवत म्हणाले, "मग काय भाऊसाहेब, आमी उपाशी मरावं म्हनता व्हय?" आणि थोडं थांबून, "कोन कुठून आलं ते ऱ्हाऊ द्या. आपली हद्द कुठवर, एवढं कळलं म्हंजी झालं."

आंबील एकदम आंबट लागली. त्याला कारण होतं.

२०१३ च्या उन्हाळ्यात, शेताचा ताबा घेतल्या घेतल्या, मी जेसीबी लावून हा दक्षिणेचा धुरा साफ करून घेतला होता. धुरा कसला, काट्याकुट्यांचं एक जाळं. ते मला कचेरीतल्या विस्कटलेल्या फायलींसारखं दिसलं. धुरा मध्येच आत येई, मध्येच बाहेर जाई. जेसीबीवाल्या पोरानं विचारलं, "सरळ करू का?" मी म्हटलं, "कर." तो सरळ झाला, आणि सरळ होता होता कुठं हात, कुठं दीड हात पलीकडं सरकला. शंभरेक पावलांचा धुरा. हिशेब केला तर अर्ध्या गुंठ्याच्या आसपास. सात-बाऱ्यावर काही बदललं नाही, आणि जे सात-बाऱ्यावर नाही ते जगात नाही, असं मानण्याची मला तेहतीस वर्षांची सवय. शेजारी तेव्हा लेकीच्या लग्नाच्या धावपळीत होते. परत आले, धुऱ्यावरून एक चक्कर मारली, आणि काही बोलले नाहीत. तहसीलच्या माणसाविरुद्ध तहसीलला अर्ज करण्यात अर्थ नसतो, एवढं त्यांना कळत होतं. तेव्हापासून 'भाऊसाहेब' या शब्दात ते थोडं जास्त वजन घालू लागले, एवढंच.

उरलेल्या धुऱ्यावर मी दोन वर्षं नेमानं तणनाशक मारलं. देशी झाडांसाठी जागा स्वच्छ हवी ना!

मग दुष्काळ आला. २०१४ गेलं, २०१५ गेलं, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसं जिथं गाडीच्या वाघिणीतलं पाणी पीत होती तिथं माझ्या मादागास्करला कोण विचारतो? चाळीसच्या चाळीस रोपं वाळली. जगली ती वेडी बाभूळ. ती मी लावलेली नव्हती, आणि तीही मूळची अमेरिकेचीच. देशी झाडच तेवढं दुष्काळात तगतं असं पुरवणीत छापलं होतं, पण वेड्या बाभळीनं ती पुरवणी वाचलेली नव्हती. अर्थात लिंब, हिवर, पळस हेही उभे होते. त्यांनी मात्र त्याचा कुठं बोभाटा केला नाही.

त्याच वर्षी पावसाळा जोरात झाला, आणि आत्या कायमची आमच्याकडं राहायला आली. वडिलांची धाकटी बहीण. सासर बीदरकडं. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेलं, म्हणजे आत्या चुलीपुढून न उठता परराज्यात जाऊन बसली होती. कागदोपत्री गैरमुल्कीच. ऐंशीच्या घरात आलेली, दोन्ही डोळ्यांत फक्त उजेड-अंधार. आल्याच्या चौथ्या दिवशी म्हणाली, "पोरा, मला शेतात ने."

पैसे आणि गुडघे, दोन्ही संपल्यामुळं त्या साली मी तणनाशक मारलेलं नव्हतं. धुऱ्यावर पोटरीएवढं हिरवं माजलं होतं. मी दिलगिरी व्यक्त केली, "आत्या, तण फार झालंय, जपून."

आत्या खाली बसली आणि हातानं चाचपू लागली. एक पान चुरगळून नाकाशी नेलं. "ही कुंजर." दुसरं दाताखाली धरलं. "पाथरी हाय. तुझ्या बापाला लई आवडायची, कच्चीच खायचा भाकरीसंगं." मग घोळ, केना, कुर्डू, तांदुळजा. मी मागं मागं वहीत उतरवून घेत होतो. नाईकांच्या ग्रंथात यांतलं एकेक नाव शोधायला मला आठवडा लागला असता. बाईनं अर्ध्या तासात पंधरा-सोळा नावं सांगितली, कुठलं कवळं असताना खुडायचं, कुठलं एक उकळी देऊन पाणी टाकायचं, कुठलं बाळंतिणीला द्यायचं नाही, सगळं.

"यावर तू औषध मारायचास म्हनं?"

"तणनाशक, आत्या."

"तन कुठाय ह्यात? भाजीनाशक म्हन की."

तिथून ती उठली, माझा हात धरून चालू लागली, पावलं मोजल्यासारखी. एका जागी थांबली. "आता हितं वाघाट्याचा येल पायजे. कुठाय?"

मी गप्प. वाघाटी म्हणजे आकड्यासारख्या वाकड्या काट्यांची वेल. वाघाच्या नखांची आठवण व्हावी असे काटे. उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरी, मागून गुलाबी होत जाणारी फुलं, लांबलांब केसर. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडतात तो पुष्कळ घरांतून वाघाट्याच्या भाजीवर. नांदेडच्या बाजारात त्या दोन दिवसांत वाघाटी सफरचंदाच्या वरताण भावानं विकली जातात. आणि हिचं शास्त्रीय नाव काय, तर कॅपॅरिस झेलॅनिका, म्हणजे सिलोनची! तोच लिनिअस, तीच कचेरी. आफ्रिकेच्या चिंचेला हिंदुस्थानचा दाखला, आणि आमच्या धुऱ्यावरच्या वेलीला परदेशी ठरवून मोकळा.

ही वेल जेसीबीच्या एका घासात गेली होती. तसं मी आत्याला सांगितलं. ती काही बोलली नाही. त्या घराण्यात न बोलण्याची पद्धत आहे.

पण मुळं खोल असावीत. पुढच्या वर्षी, २०१७ च्या पावसात, माझ्या सोयाबीनमध्ये एक काटेरी फुटवा वर आला. सालगड्याचं धोतर त्यात अडकलं, त्यानं शिव्या दिल्या, मी पाहायला गेलो. कोवळी लालसर डिरी, पानाच्या बुडाशी दोन आकडे. वाघाटीच.

आता वाचकांच्या लक्षात आलंच असेल, पण मला कळायला रात्र जावी लागली. वेल होती जुन्या धुऱ्यावर. वेल आता उगवली माझ्या सोयाबीनमध्ये, नव्या धुऱ्यापासून दीड हात आत. म्हणजे जुना धुरा होता तिथं होता. मी आयुष्यभर रहिवासाचे पुरावे तपासले. असा बिनतोड पुरावा एकानंही आणला नव्हता. आणि हा पुरावा नष्ट करायला नुसती कोळप्याची एक फेरी पुरेशी होती. तण काढलं, एवढंच कुणीही म्हटलं असतं.

दोन दिवस मी काही केलं नाही. यालाच कचेरीत 'प्रकरण विचाराधीन' म्हणतात. तिसऱ्या दिवशी आत्याला वेलीचं सांगितलं, कारण नाही सांगितलं तरी तिनं वासावरून ओळखलं असतं. ती लगेच शेतात. फुटव्याला बोट टोचून घेतलं, रक्त चोखलं, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हां. हितंच होता धुरा." पलीकडं शेजारी बैलांना पाणी पाजत होते. त्यांनी मान वर केली. बैलांनीही केली, असं मला उगाच वाटलं.

संध्याकाळी मी होऊन त्यांच्या आखाड्यावर गेलो. कचेरीच्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न केला, "मोजणीत काही अनवधानानं तफावत राहिलेली दिसते."

"व्हय," ते म्हणाले. "चार वर्सं झाली ऱ्हायल्याला." मग चहा आला.

जेसीबीनं दोन तासांत हलवलेला धुरा परत न्यायला आम्हांला, सालगड्याला धरून, पंधरा दिवस लागले. वेलीच्या मुळाला धक्का नको म्हणून सगळं फावड्यानं केलं. शेजारी स्वतः टोपल्या उचलत होते. धुरा पुन्हा मध्येच आत येऊ लागला, मध्येच बाहेर जाऊ लागला.

त्या धुऱ्यावर मग मी फारसं काही लावलं नाही. पळसाच्या बिया टोचल्या, त्या आल्या. भोकर पाखरांनी आणून टाकलं. बोर तर कुणालाच विचारत नाही. फजिती झाली ती कर्टुल्याची. कुणाकडून तरी कंद आणून हौसेनं लावला. दोन पावसाळे वेल फोफावला, पिवळी फुलं भरपूर, कर्टुलं एक नाही. प्राध्यापक मित्रानं भिंग लावून निकाल दिला, "हा नर आहे. मादीची वेल वेगळी असते." आत्या घरात बसून म्हणाली, "एकट्या नवरदेवालाच आनलास व्हय रं?" नवरी शोधायला मला तीन गावं फिरावी लागली. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांना दोनच पुरली होती.

२०२० साली बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं. अध्यक्ष चक्क वडाचं झाड! अध्यक्षीय भाषणाशिवाय पार पडलेलं मराठीतलं हे एकमेव संमेलन असावं. आणि अलीकडं निलंग्याकडच्या पानचिंचोलीच्या चिंचेला सरकारकडून भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आफ्रिकेच्या झाडाला लातूर जिल्ह्याचा रहिवासी दाखला, रीतसर, शिक्क्यानिशी. ही बातमी शेजाऱ्यांनी मला मुद्दाम हाका मारून सांगितली. मी आमच्या चिंचेखालीच बसलो होतो. बाज थोडी तिच्या खोडाकडं सरकवली.

वाघाटीला फळ धरायला मात्र फार वर्षं लागली. वेल हिवरावर चढली, दोन्ही जिल्ह्यांत पसरली, पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांनी तिची पानं कुरतडून चाळणी केली, तरी ही बया नुसती काटेच वाढवी. उन्हाळ्यात ती माना टाकते असं मला वाटे, म्हणून सांजच्याला कुणी नसताना मी एखादी घागर बुडाशी ओतून येई. देशी झाडाला पाणी लागत नाही हे पुरवणीतलं वाक्य मला पाठ होतं, पण वाट पाहणाऱ्या म्हातारीचं वय पुरवणीवाल्यांना माहीत नव्हतं.

२०२३ च्या आषाढात पहिली सात फळं लागली. चार नांदेड जिल्ह्यात, तीन लातूर जिल्ह्यात. एकादशीच्या संध्याकाळी शेजारी पंच्याच्या टोकात त्यांची तीन बांधून घेऊन आले, हाताला दोन ठिकाणी ओरखडे. "आत्याबाईस्नी द्या," म्हणाले, "आमच्यात कुनी कडू खात न्हाई."

द्वादशीला सौ.नं भाजी केली. आत्या पाटावर बसली, पदर सावरला, देवाला हात जोडले, भाकरीचा तुकडा मोडून घास घेतला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होतो. तिनं सावकाश चावलं, गिळलं, आणि माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाली,

"कडू कमी हाय. पानी घालायलास व्हय रं तू येलाला?"